रात्रभर धुमसत ठेवू नका: लाकडाच्या स्टोव्हवर घर कसं तापवावं

"रात्री स्टोव्ह ओंडक्यांनी ठासून भरा, हवा बंद करा आणि निवांत झोपा. सकाळपर्यंत विस्तव राहतो." हा सल्ला मला पहिल्याच हिवाळ्यात तीन जणांनी दिला आणि त्यातला एक तर स्टोव्ह विकणारा होता. विस्तव राहतो हे खरंच आहे. त्या वेळात धुराड्यात काय साठत जातं, ते मात्र तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. ते मला कसं कळलं, हे पुढे येईलच.

स्टोव्ह नीट बसवलेला आहे, धुराडं या मोसमात एकदा साफ झालंय आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे, हे मी धरूनच चालते. यातलं काही राहिलं असेल तर आधी ते करून या. जुन्या उघड्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट (म्हणजे तिच्या पोकळीत बसणारा, दाराचा बंद स्टोव्ह) बसवला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: इन्सर्टपासून वरच्या टोकापर्यंत स्टीलचा अखंड पाइप घातलाय ना? नुसता डबा सरकवून धूर जुन्या रुंद धुराड्यात सोडून दिला असेल, तर तो तिथे पसरतो, गार होतो आणि भिंतींना चिकटतो. असा इन्सर्ट पाइप घातल्याशिवाय पेटवूच नका.

लाकूड

सरपण वाळलेलं हवं हे सगळ्यांनाच पाठ असतं. तरीही स्टोव्ह पेटत नाही म्हणून कोणी कुरकुर केली की मी आधी त्यांचं लाकूड बघते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे दहा किलोच्या मोळीबरोबर तुम्ही चार-पाच लिटर पाणी आगीत ढकलता आणि आधी त्याची वाफ करण्यात उष्णता घालवता. ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र घ्या, पण सुया बाहेरच्या बाजूला टोचू नका. बाहेरची बाजू वाळलेलीच असते. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या अंगावर मोजा. 20 टक्क्यांच्या आत असेल तर चालेल. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. कठीण जातीचं लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असं रचून ठेवलं तरी बऱ्याचदा दोन वर्षं घेतं.

कुठल्या झाडाचं लाकूड चांगलं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते. कठीण लाकडाचं वजन कमी जागेत मावतं, एवढाच फरक.

रंगवलेलं, औषध मारलेलं लाकूड, प्लायवुड आणि समुद्रात वाहून आलेली लाकडं आत घालायची नाहीत. फुकट मिळाली तरीही नाही.

पेटवणं

जाड तुकडे खाली, त्यावर मध्यम, त्यावर काटक्या आणि सगळ्यात वर पेटवण. काडी वरून लावायची. हे उलटं वाटतं, मीही पहिलं वर्षभर याला हसत होते. पण जाळ वर असला की धुराड्याला लगेच धग लागते आणि खालून निघणारा धूर त्या जाळातूनच वर जातो, त्यामुळे त्यातला बराचसा जळून जातो. दार पाच-दहा मिनिटं बोटभर उघडं, हवा पूर्ण सोडलेली आणि तुम्ही समोर बसलेले.

धूर घरात येत असेल तर फुंकर घालत बसू नका. धुराडं गार आहे आणि आतली जड हवा खाली उतरतेय. सरपण पेटवण्याआधीच हे ओळखता येतं: पेटती काडी उघड्या दारापाशी धरा आणि ज्योत आत झुकते की तुमच्याकडे, ते बघा. तुमच्याकडे झुकली तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा, जवळची खिडकी किंचित उघडा आणि कागदाची एक गुंडाळी पेटवून स्टोव्हच्या छताजवळ, धूर बाहेर जातो त्या तोंडाशी धरा. मिनिटभरात हवेची ओढ पलटते. ही ओढ स्टोव्हमुळे नसते, तापलेल्या धुराड्यामुळे असते. 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने काढलेला स्टोव्ह इथेच अडकला होता. जास्त उष्णता घरात राहावी म्हणून त्याने धूर आधी खाली वळवला आणि मग वर नेला. धुराडं गार असलं की तो धूर वर चढेना. नंतरच्या लोकांनी त्याची वाट सरळ केली, तेव्हा कुठे ते यंत्र कामाचं झालं.

हवा कमी करणं

या टप्प्यावर मी दोन हिवाळे चुकत होते, म्हणून इथे जरा वेळ घेते.

दाराखाली किंवा बाजूला एक दांडी असते. ती सरकवली की आत जाणारी हवा कमी-जास्त होते. नवखा माणूस हिला पंख्याच्या रेग्युलेटरसारखी वापरतो: गरम झालं की कमी, गार वाटलं की जास्त. घोटाळा इथेच होतो. लाकूड एका दमात जळत नाही. तापलं की आधी त्यातून वायू निघतात, आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंत असते. उरतो तो कोळसा. हे वायू नीट जळायला साधारण 600 अंश सेल्सियस तापमान आणि पुरेशी हवा, दोन्ही लागतं. तुम्ही हवा लवकर तोडलीत तर लाकूड गरम असल्यामुळे वायू निघतच राहतात, फक्त पेटत नाहीत. ते तसेच धुराड्यात चढतात आणि गार भिंतीला लागले की चिकट डांबर होऊन बसतात. धुराड्याचं आतलं अंग सुमारे 120 अंशांच्या खाली गेलं की हे डांबर भराभर धरतं. आणि डांबर हे जळण आहे, हे विसरू नका.

मी त्या तिघांचं ऐकलं. रोज रात्री साडेदहाला चार-पाच जाडजूड ओंडके कोंबायचे, दांडी पूर्ण आत ढकलायची आणि झोपायला जायचं. सकाळी काच काळीकुट्ट, पण निखारे जिवंत. मला वाटायचं, जमलं आपल्याला. एका सकाळी कडाक्याची थंडी होती. मी हवा पूर्ण उघडली, वर पुठ्ठ्याचे दोन खोके फाडून टाकले आणि दूध तापवायला गेले. पाठीमागून आवाज यायला लागला. आधी घोंघावल्यासारखा, मग भिंतीपलीकडून मालगाडी जावी तसा. स्टोव्हचा पाइप थरथरत होता आणि त्याच्या सांध्यात बारीक लाल रेघ दिसत होती. धुराड्यातलं डांबर पेटलं होतं. अशी आग 1000 अंशांच्या वर जाऊ शकते हे नंतर वाचलं. तेव्हा सुचलं ते इतकंच: दार घट्ट लावलं, हवा पूर्ण बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला. छप्पर वाचलं. धुराड्याचं आतलं अस्तर तडकलं, ते बदलावं लागलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा, आणि वरून पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका. तापलेलं धुराडं पाण्याने फुटतं. जाळ विझला असं वाटलं तरी तपासणी होईपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही.

आता मी काय करते ते सांगते. स्टोव्हच्या वर, हाताला येईल अशा उंचीवर, पाइपला चुंबकाने चिकटणारा थर्मामीटर लावलाय. एकेरी पत्र्याच्या पाइपवर साधारण 115 ते 245 अंश हा ठीक पट्टा. त्याच्या खाली डांबर धरतं, वर गेलं तर स्टोव्ह बेफाम जळतोय. दुहेरी पाइप असेल तर हा थर्मामीटर बाहेरून खोटं सांगतो, त्याला आत घुसणारी सळई असलेला लागतो.

नवं लाकूड टाकलं की हवा पूर्ण उघडी. पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. सगळ्या तुकड्यांच्या कडा काळ्या पडून त्यांवर चौकटी-चौकटीच्या भेगा दिसायला लागल्या आणि काटा 200 च्या आसपास आला की दांडी पाव हिस्सा आत. फक्त पाव. मग थांबायचं, पाच-दहा मिनिटं. ज्वाळा मंद होतात, पण विझत नाहीत. लाकडापासून सुटून वर छताखाली तरंगतात. नव्या स्टोव्हमध्ये तिथे भोकांच्या नळ्या असतात. त्या भोकांतून गॅसच्या शेगडीसारख्या निळसर-पिवळ्या जिभा निघताना दिसल्या की समजा वायू जळताहेत. मग आणखी पाव. ज्वाळा नाहीशा झाल्या आणि लाकूड नुसतं धुमसायला लागलं, तर तुम्ही एक पाऊल जास्त गेलात. मुकाट्याने मागे या. माझ्या स्टोव्हवर दांडी साधारण तीन-चतुर्थांश आत गेली की थांबते. तुमच्यावर खूण वेगळी असेल, ती खडूने करून ठेवा.

एका फटक्यात दांडी बंद करणाऱ्यांना आणखी एक धडा मिळतो. न जळलेले वायू आत कोंडतात आणि तेवढ्यात कुठून थोडी हवा मिळाली की भप्पकन पेट घेतात. अशा वेळी दार उघडलंत तर जाळ तोंडावर येतो. दार नेहमी आधी बोटभर उघडा, दहापर्यंत मोजा, मग पूर्ण. माझी एक भुवई दोन महिने अर्धी होती.

जमतंय की नाही हे बघायला बाहेर जा आणि वर बघा. पेटवून अर्धा तास झाल्यावर धुराड्यातून जवळजवळ काही दिसता कामा नये, फक्त तापलेली हवा थरथरताना दिसेल. थंडीत थोडी पांढरी वाफ दिसते आणि हातभर अंतरावर विरते, ते चालतं. निळसर-करडा धूर लांबवर रेंगाळत असेल, तर तुमचं जळणच उडून चाललंय आणि शेजाऱ्याच्या नाकात जातंय.

मग रात्रीचं काय?

झोपण्याच्या तासभर आधी भरा. ऐन वेळी भरून दांडी ढकलायची घाई हे सगळ्या रोगाचं मूळ आहे. निखारे पुढे ओढा, मागे तीन जाड, वाळलेले तुकडे एकमेकांना खेटून ठेवा आणि मग वरची सगळी पायरी पूर्ण करा, टप्प्याटप्प्याने. पहाटे राखेखाली मूठभर निखारे सापडले तर उत्तम. नाही सापडले तर काटक्या आहेतच, दहा मिनिटांत नवा जाळ होतो. "रात्रभर टिकायलाच हवा" हा हट्ट मी सोडून दिला, आणि घर काही गोठलं नाही.

आणि स्टोव्ह घ्यायचा अजून बाकी असेल तर मोठा घेऊ नका. "असू दे जास्तीचा" म्हणून दुप्पट ताकदीचा स्टोव्ह आणणाऱ्याला तो पूर्ण जाळात कधीच चालवता येत नाही. घराची भट्टी होते, म्हणून तो सतत दाबून ठेवावा लागतो आणि मग वरची सगळी गाथा सुरू. छोट्या स्टोव्हमध्ये छोटा, कडक जाळ हेच बरं.

ऊब घरभर नेणं

गरम हवा दूरच्या खोलीत ढकलायला स्टोव्हमागे पंखा लावतात, तो फुकट जातो. उलट करा: गार खोलीच्या दारात, जमिनीवर, छोटा पंखा स्टोव्हच्या दिशेने तोंड करून ठेवा. गार हवा जड असते, खालून स्टोव्हकडे जाते, आणि तिची जागा घ्यायला गरम हवा छताखालून आपसूक त्या खोलीत येते. इन्सर्टला स्वतःचा पंखा असेल तर तो जाळ चांगला धरल्यावरच चालू करा, आधी केलात तर नुसतं लोखंड गार करतो.

बाकीचं

काच: ओला कागद बारीक राखेत बुडवून पुसा, दुसरं काही विकत आणू नका. दाराची दोरी (दाराच्या कडेने फट बंद करायला बसवलेली): दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदला, कारण तिथून हवा शिरत असेल तर दांडीला काही अर्थ उरत नाही. तळाला दोन-तीन सेंटिमीटर राख राहू द्या, निखारे तिच्यात जास्त टिकतात. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी फळ्यांपासून लांब. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन धुराड्यात डोकवा. काजळीचा थर 3 मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर मोसम संपायची वाट न बघता साफ करून घ्या. खरवडलेलं हातात घेऊन बघायचं: भुरभुरीत, तपकिरी-काळी भुकटी असेल तर तुमची दांडी बरोबर चाललीय. काचेसारखे चकचकीत काळे पापुद्रे निघाले, तर हवा अजूनही लवकर तोडताय.