म्हाडाचं घर: जाहिरात येण्याआधीच काय काय करून ठेवायचं

डोंबिवलीत माझं महा-ई-सेवा केंद्र आहे. म्हाडाची जाहिरात आली की दुसऱ्या दिवशी दुकानात रांग लागते, आणि त्या रांगेतल्या बऱ्याच जणांना मला सांगावं लागतं, "दादा, दोन महिने आधी यायला हवं होतं." घर लागणं सोडतीवर आहे. २०२४ साली म्हाडाच्या मुंबई मंडळाकडे २,०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. त्यात तुमचं-माझं काही चालत नाही. कागद आणि पैसे मात्र आपल्या हातात असतात, म्हणून इथे त्या दोन गोष्टींबद्दलच सांगते.

२०२३ पासून पद्धत बदलली आहे. पूर्वी घर लागल्यावर कागद तपासायचे. आता नोंदणी करतानाच सगळं अपलोड करायचं आणि जो पात्र ठरेल त्याचाच अर्ज सोडतीत जातो. ही नोंदणी एकदाच करायची असते, त्यामुळे जाहिरातीची वाट बघत बसू नका. आधार, पॅन (लग्न झालं असेल तर दोघांचं), अधिवास दाखला (डोमिसाइल), उत्पन्नाचा पुरावा, आरक्षणातून भरणार असाल तर त्याचं प्रमाणपत्र. अनुसूचित जातीला ११ टक्के, जमातीला ६ टक्के घरं राखीव असतात. दिव्यांग, पत्रकार, कलाकार यांचेही वेगळे कोटे आहेत. आपण कुठल्या कोट्यात बसतो हेच लोकांना माहीत नसतं आणि सगळे सर्वसाधारणच्या गर्दीत जाऊन उभे राहतात.

अधिवास दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॉलेजच्या वेळी काढलेला, गोल शिक्का मारलेला दाखला चालत नाही. २०१८ नंतरचा, बारकोड असलेला लागतो. आपले सरकार पोर्टलवरून नवा काढायला पंधरवडा धरा. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव वेगळं असेल, तर आधी ते निस्तरा.

खरा घोळ होतो तो उत्पन्नात. म्हाडा नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरते. आई-वडिलांचं किंवा भावाचं नाही. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्पची मर्यादा साडेचार लाख आणि अल्पची साडेसात. म्हणजे त्याचे ४ लाख १० हजार आणि तिचे शिकवण्यांचे २ लाख ४० हजार असतील, तर डोंबिवलीचं हे जोडपं अल्प गटात गेलं. "हिचं दाखवू नका ना," असं मला सर्रास सांगतात. दोघांचं पॅन घेतलंय, कशाला नसता धोका? खालच्या गटातल्याला वर अर्ज करायची मुभा कितपत आहे ते माहितीपुस्तिकेत बघा. वरच्याला खाली उतरता येत नाही.

आणि वर्ष नीट बघा. २०२३-२४ चं उत्पन्न मागितलं असेल, तर रिटर्नच्या पावतीवर करनिर्धारण वर्ष २०२४-२५ छापलेलं असतं. लोक २०२३-२४ छापलेली पावती चढवतात, म्हणजे आदल्या वर्षाची. रिटर्न भरत नसाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. तोही एका दिवसात मिळत नाही.

आता योजना निवडणं. म्हाडा म्हणजे स्वस्त असं डोळे झाकून धरू नका. २०२३ च्या यादीत ताडदेवचं साडेसात कोटींच्या वरचं घर होतं! माझ्या मते नोकरदार माणसाने आधी २० टक्के योजनेतली घरं बघावीत. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी बिल्डर बांधत असेल, तर त्याला २० टक्के घरं छोट्या उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. त्यांची किंमत रेडीरेकनरमधला (सरकारी दरपत्रकातला) बांधकामखर्च अधिक २५ टक्के अशी ठरते, जागेचा बाजारभाव त्यात धरत नाहीत. म्हणून त्याच आवारातल्या शेजारच्या इमारतीपेक्षा तुमचं घर बरंच कमी किमतीत पडतं. मात्र बांधणारा खासगी आहे, तेव्हा महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधीचा आहे ते वाचा. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी उरलेली घरं "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" तत्त्वावर विकली गेली आहेत. त्याला सोडतीचं नशीब लागत नाही, पण घर का उरलं याची चौकशी तिथल्याच रहिवाशांकडे करा. पाणी किती वेळ येतं, हा पहिला प्रश्न.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा, ठाणे जिल्ह्यात २८ लाखांचं घर आहे. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देईल, म्हणजे २५ लाख २० हजार. तुमचे २ लाख ८०. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे १ लाख ९६ हजार. नोंदणी १ टक्का, २८ हजार. झाले ५ लाख ४ हजार, आणि हे कर्जाबाहेरचे. बांधकाम चालू असेल तर जीएसटी आणि सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स वेगळा. घर लागल्यावर देकारपत्र (ऑफर लेटर) येतं, त्यात आधी २५ टक्के आणि मग ७५ टक्के भरायची मुदत असते. ती दिवसांत मोजलेली असते, महिन्यांत नाही. तेव्हा बँकेत जाऊन आपली पात्रता आधीच काढून ठेवा.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. वरच्या घरात सरळ २८ हजार वाचतात. दस्तात नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. म्हणून अर्ज कोणाच्या नावाने भरायचा हे घरी आधी ठरवा. नवरा नुसता सहकर्जदार राहू शकतो, फक्त मग व्याजावरची करसवलत त्याला मिळत नाही. माझं मत विचाराल तर तिच्याच नावाने भरा.

केंद्राची पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० वेगळी आहे, लोक दोन्ही एकच समजतात. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत. वरच्या उदाहरणात कर्ज २० हजारांनी जास्त होतंय, तेवढे खिशातून घाला! अट मात्र कडक: देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. म्हाडाची स्वतःचं घर नसण्याची सर्वसाधारण अट फक्त सोडतीतलं घर ज्या महापालिका हद्दीत आहे तेवढ्यापुरती असते. गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर हरकत नाही. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर तुमचं नाव लागलेलं असेल, तर आधी विचारून घ्या.

आणखी दोन गोष्टी. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. घर लागलं तर पाच वर्षं विकता येत नाही.

अर्जात मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच टाका, माझा किंवा कुठल्याही केंद्राचा नको. सूचनापत्र, देकारपत्र, प्रतीक्षा यादीतून नंबर आल्याचं, सगळं त्यावरच येतं, आणि ते वाचायला उशीर झाला तरी मुदत थांबत नाही.