श्वापदाची शिंगे मोजण्याआधी

ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या वर्षात मी प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायावर निबंध लिहिला होता. समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाची दहा शिंगे म्हणजे युरोपीय आर्थिक समुदायाची दहा राष्ट्रे, असे मी त्यात ठामपणे मांडले होते. १९८१ मध्ये ग्रीस सामील झाल्यावर सदस्य नेमके दहा झाले होते आणि आमच्या प्रार्थनासभांतही तेव्हा हेच ऐकू येत असे. अध्यापकांनी निबंध परत देताना समासात एकच प्रश्न लिहिला होता: पर्गमच्या मंडळीला यातून काय कळले असते? पर्गमची मंडळी, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदाय, ही हा ग्रंथ ज्यांना लिहिला गेला त्या सात मंडळ्यांपैकी एक. मला उत्तर देता आले नाही. पुढे १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आल्यावर सदस्य बारा झाले आणि निबंधाचा आधार गेला, पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

नव्याने हा अभ्यास करणाऱ्यांना माझी पहिली विनंती अशी आहे की, त्यांनी प्रकटीकरणाशेजारी जुन्या करारातील दानिएलाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडून ठेवावा. तेथे सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचे भयंकर श्वापद अशी चार राज्ये क्रमाने येतात, तर प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या एकाच श्वापदात चित्त्याचे अंग, अस्वलाचे पाय आणि सिंहाचे तोंड एकत्र आले आहे. दानिएलाच्या चित्त्याला चार डोकी आहेत. बाकी तिघांचे एकेक धरले तर बेरीज सात होते, आणि योहानाच्या श्वापदालाही सातच डोकी आहेत. हे प्रथम मोजले त्या रात्री मला झोप लागली नाही. आधीच्या सर्व साम्राज्यांचा मद जिच्यात साठला आहे अशी सत्ता योहान दाखवत होता. पर्गमच्या लोकांना ती ओळखण्यासाठी दूर पाहावे लागत नव्हते, कारण रोमा देवी आणि रोमन सम्राट औगुस्त यांच्या मंदिराला त्यांच्याच नगरात इ. स. पू. २९ मध्ये परवानगी मिळाली होती.

तेराव्या अध्यायात श्वापदाची म्हणून दिलेल्या ६६६ या संख्येबाबतही आधी अक्षरे हाताने मांडून पाहावीत. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. ‘नेरोन केसर’ (म्हणजे रोमन सम्राट नेरो) ही अक्षरे ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २०० अशी लिहिली की बेरीज ६६६ होते. लॅटिन वळणाने ‘नेरो’ म्हटले तर शेवटचा नून (५० मूल्याचे ‘न’ अक्षर) गळतो आणि ६१६ उरतात. काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. इ. स. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या आयरेनियस या ख्रिस्ती बिशपला हा पाठ माहीत होता व त्याने तो नाकारला होता. मात्र त्याने सुचवलेल्या नावांत नेरो नाही, म्हणून मी नेरोचे उत्तर सर्वांत सबळ मानतो, अंतिम मानत नाही. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रातला आहे.

बाराव्या अध्यायातील सूर्य पांघरलेल्या स्त्रीविषयी आपल्याकडेच दोन वाचने नांदतात. वसईच्या कॅथलिक घरातील अभ्यासक हा उतारा १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या मिस्सेत ऐकत मोठा झालेला असतो आणि त्याला तेथे मरियामाता दिसते. प्रॉटेस्टंट वाचक बहुधा इस्राएल किंवा मंडळी म्हणतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाच्या स्वप्नातील सूर्य, चंद्र व तारे आठवले की इस्राएल मला आधी दिसते, परंतु तिचे मूल लोहदंडाने राज्य करणार आहे, म्हणजे ते मसीहा आहे, आणि मसीहाची आई म्हटल्यावर मरियेला वगळणे मला प्रामाणिक वाटत नाही.

ग्रंथ स्वतः जेथे अर्थ सांगतो तेथे मात्र थांबावे. अजगर म्हणजे सैतान, मोठ्या बाबेलची स्त्री म्हणजे राजांवर राज्य करणारी नगरी, सात समया म्हणजे सात मंडळ्या, हे मूळातच दिले आहे. योहान काय ऐकतो आणि काय पाहतो याची मी वेगळी वही ठेवतो: पाचव्या अध्यायात त्याच्या कानी यहूदा वंशाच्या सिंहाची वार्ता पडते, पण दिसतो तो वधलेला कोकरा, आणि पुढचे सगळे युद्ध हा कोकराच जिंकतो.

अकराव्या अध्यायातील दोन साक्षीदारांबाबत माझे मत दोनदा बदलले आहे. आकाश बंद करणारा एलीया आणि पाण्याचे रक्त करणारा मोशे त्यांच्यात स्पष्ट दिसतात, म्हणून अनेक वर्षे मी त्यांना दोन व्यक्ती मानत होतो. सध्या मी त्यांना साक्ष देणारी मंडळी समजतो, कारण तेथे त्यांना ‘दोन समया’ म्हटले आहे.