ताल गावातला मार्सेलाबाईंचा वाडा बघायला जाताय? मग हे वाचून जा

फिलिपिन्सचा पहिला झेंडा शिवणाऱ्या मार्सेला आगोनसिलो यांचं माहेरचं घर बातांगास प्रांतातल्या ताल गावात आहे, आणि तिथे गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आधी हेच विचारतो की झेंडा कुठल्या खोलीत शिवला. तर तो या घरात शिवलाच नाही! शिवला हाँगकाँगला, कारण नवरा फेलिपे आगोनसिलो वकील, तेव्हा देशावर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारच्या डोळ्यावर आलेला, म्हणून सगळं कुटुंब तिकडे जाऊन राहिलेलं. १८९८ च्या मे महिन्यात स्पेनविरुद्धच्या उठावाचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांनी काम सांगितलं, बाईंनी पाच दिवसांत रेशमी झेंडा तयार केला, हातानेही आणि मशीनवरही. मदतीला पाच वर्षांची मुलगी लोरेन्सा आणि फिलिपिन्सचा राष्ट्रनायक मानला जाणारा लेखक होसे रिसाल, त्याची भाची डेल्फिना. सूर्याचे किरण नीट दिशेला बसले नाहीत म्हणून उसवून पुन्हा शिवावे लागले म्हणे, ज्याने कधी शिवणकाम केलंय त्याला कळेल पाच दिवसांत हे म्हणजे काय ते.

आता जायचं कसं. पहिली चूक टाळा: ताल ज्वालामुखी आणि ताल गाव एक नाही. ज्वालामुखी बघायला लोक टागायटाय या डोंगरावरच्या शहरात जातात, गाव तिथून बरंच खाली आहे. मनिलाहून लेमेरीला जाणारी बस पकडा, लेमेरी म्हणजे तालचं शेजारचंच गाव, तिथून ट्रायसिकलवाल्याला (मोटारसायकलला बाजूची गाडी जोडलेली तिकडची रिक्षा) "आगोनसिलो म्युझियम" सांगितलं की झालं. सोमवारी जाऊ नका, सरकारी म्युझियम आहे, बंद असतं. तिकीट नाही.

घरात शिरल्यावर घाई करू नका. याला तिकडे 'बाहाय ना बातो' म्हणतात, म्हणजे दगडी घर, पण दगड फक्त खालच्या मजल्याला, वरचा सगळा लाकडी. खाली पूर्वी घोडागाडी आणि सामान असायचं, माणसं राहायची वर. वर गेलात की थेट खिडक्यांपाशी जा. काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोन लाकडी जाळीत बसवलेत, दुधट पांढरे, ऊन आत येतं पण डोळ्यात घुसत नाही. पल्ला बाजूला सरकवायचा असतो. आणि खिडकीच्या खाली, पायाजवळ, अजून एक छोटी खिडकी असते, वरची बंद असली तरी वारा यावा म्हणून. मला विचाराल तर या घरात बघायचं ते हेच, काचेच्या कपाटातल्या वस्तू नंतर बघितल्या तरी चालतं.

झेंडे बघताना दोन गोष्टी मोजा. सूर्याचे मुख्य किरण आठ, स्पेनविरुद्ध उठलेल्या आठ प्रांतांचे. तारे तीन. पहिल्या झेंड्यातल्या सूर्याला चेहरा होता, आत्ताच्या झेंड्यात नाही, त्यामुळे जुना-नवा झेंडा लगेच ओळखता येतो. निळा पट्टा वर असेल तर शांतता, लाल वर असेल तर युद्ध, त्यामुळे कुठे उलटा लावलेला दिसला तर ती साधी चूक समजू नका, तिकडचे लोक यावरून खरंच चिडतात.

वेळ जमत असेल तर २८ मे ते १२ जून या काळात जा, तेव्हा घरोघरी, दुकानांवर झेंडे असतात. १२ जून १८९८ ला मनिलाजवळच्या कावित गावात हाच झेंडा फडकवून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. पुढे अमेरिकन आले ते राहिलेच, शेवटी ४ जुलै १९४६ ला देश सुटला, आणि मार्सेलाबाई त्याच वर्षी मे महिन्यात वारल्या. जेमतेम महिनाभर आधी!

घर बघून झालं की बासिलिकाच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चच्या, बाजूने बाजारात चक्कर मारा. तालचं भरतकाम नावाजलेलं आहे, अननसाच्या पानांच्या तंतूंचं 'पिन्या' कापड मिळतं, हातात घेऊन उलटी बाजू बघा. गाठी दिसत नसतील तर माल चांगला, दिसत असतील तर भाव करा.