कुसळी गवत : कुसळं तांबूस होण्याआधी विळा लावा

भाद्रपदात माळावरच्या कुसळी गवताची कणसं पोटरीतून, म्हणजे पानांच्या आवरणातून, बाहेर पडू लागतात. तिथून पुढचे दोन-तीन आठवडेच त्याच्या कापणीचे. या मुदतीत कापलं तर बऱ्यापैकी चारा हाती येतो. मुदत हुकली की तेच गवत मेंढीच्या कातडीत आणि गाईच्या जिभेत रुततं. म्हणून यंदा कापणीचा क्रम आधी ठरवा: कुसळी पहिली, मारवेल आणि पवना ही चाऱ्याची चांगली गवतं नंतर.

कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. हे बहुवर्षायू, ठोंबाठोंबानं वाढणारं गवत आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, प्रशांत महासागरातली बेटं असं उष्ण कटिबंधात सगळीकडे आहे. हवाई बेटांवर त्याला पिली म्हणतात आणि पूर्वी तिथली घरं त्यानंच शाकारत. आपल्याकडे मुरमाड, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवर, डोंगरउतारावर आणि गायरानात ते सर्रास दिसतं. पाणी साचतं किंवा दाट सावली असते तिथे ते टिकत नाही.

कणसं येण्याआधी ओळखायचं तर ठोंबाचा बुडखा बोटांत धरून पाहा. खोडाला बिलगलेली पानांची आवरणं चपटी, मधोमध कणा असलेली लागतात. पानाचं टोक अणकुचीदार नसतं, होडीच्या नाळेसारखं बोथट असतं. कणीस एकेरी. त्याच्या खालच्या भागातल्या फुलांना कुसळ नसतं, वरच्या भागातल्या बी धरणाऱ्या फुलांना लांबलचक कुसळ असतं. कोवळेपणी ही कुसळं हिरवट, मऊ आणि सुटी असतात. पिकली की तांबूस-काळी होतात आणि एकमेकांत पिळून त्यांचा शेंडीसारखा झुपका बनतो. झुपके दिसू लागले म्हणजे वेळ गेली.

एक पिकलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडताना कुसळ गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. बियाचं खालचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरचे ताठ केस मागे वळलेले असतात. त्यामुळे बी पुढे सरकतं, मागे येत नाही. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन मिळून ते मातीत खुपसलं जातं. मेंढीच्या लोकरीत अडकलेलं बीही असंच कातडीपर्यंत पोचतं आणि तिथे गळू होतं.

कापणी निम्मी कणसं बाहेर पडलेली असताना करा. पावसाची उघडीप पाहून, दव उतरल्यावर, जमिनीपासून चार बोटं म्हणजे ८ ते १० सेंमी ठेवून विळा चालवा. अगदी बुडातून कापलं तर ठोंब कमजोर होतो, माती उघडी पडते आणि पुढच्या वर्षी चारा घटतो. गवत पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा, रोज एकदा परता. मूठभर काड्या पिळल्यावर कट्कन मोडल्या की पेंढ्या बांधायला हरकत नाही. ओलसर गवताची गंजी रचली तर आतून तापते आणि बुरशी धरते. अशी वैरण काळी पडते, जनावर तोंड लावत नाही.

मारवेलीचे पट्टे मात्र आत्ता राखा. मारवेल ओळखायची खूण म्हणजे कांड्याच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं. पवन्याचं कणीस एकेरी असतं, पण कुसळीसारखे काळे झुपके होत नाहीत. या दोन्हींचं बी गळू द्या, मग कापा. चराईच्या रानात नेमकं उलटं घडतं, म्हणूनच कुसळी माजते. जनावर आधी मारवेल आणि पवना ओरबाडतं, त्यांना बी धरू देत नाही. पिकलेल्या कुसळीला टाळतं, ती बी टाकून मोकळी होते. गायरानात कुसळीचंच राज्य दिसलं तर चराई फार झाली आहे असं समजावं.

दुसरं कारण वणवा. नवा हिरवा फुटवा मिळावा म्हणून माळ पेटवतात. जाळात वरचा पाला जातो, पण मातीत घुसलेलं कुसळीचं बी वाचतं आणि पावसाळ्यात त्याला मोकळी, उन्हाची जागा मिळते. माळ पेटवू नका. या हंगामात गळलेलं बी बहुतेक पुढच्या पावसाळ्यात उगवतं आणि जमिनीत फार वर्षं टिकत नाही. त्यामुळे दोन-तीन हंगाम वेळेवर कापणी झाली तरी नवी रोपं ठळकपणे घटतात. जून-जुलैत रिकाम्या जागी मारवेलीचे मुळासकट ठोंब ४५ × ३० सेंमी अंतरावर लावा आणि पहिलं वर्ष तिथे जनावर सोडू नका.

कापणी हुकलीच असेल तर कुसळं झडेपर्यंत त्या रानात मेंढ्या नेऊ नका. कातरण आधीच उरकलेली असली तर लोकरीत कुसळं कमी अडकतात. तरीही संध्याकाळी ओठ, हिरड्या, डोळ्यांचे कोपरे आणि खुरांमधली बेचकी तपासा. जनावर लाळ गाळत असेल, चघळायचं थांबलं असेल, तर आधी तोंड उघडून पाहा. डोळ्यात रुतलेलं कुसळ स्वतः ओढू नका, पशुवैद्यक बोलवा.

कुसळं झडल्यावर उरलेली काडी निर्धोक, पण निकस असते. प्रथिनं साधारण ३ टक्क्यांवर आलेली असतात. तिच्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो काडीला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, दाबा आणि प्लॅस्टिकनं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून उग्र वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नका. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका. तहानलेलं जनावर ते प्यायलं तर विषबाधेनं दगावतं.