शेअरचा आकडा शून्य झाला तेव्हा

"अगं, सगळं शून्य झालं की!" सकाळी सहाला मामांचा फोन.

आदल्या रात्री मी त्यांची साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, नेली होती. मामा निवृत्त झाल्यापासून आकाशनिरीक्षणावर लिहितात. त्यांच्या प्रत्येक लेखाखाली फेसबुकच्या बटणाशेजारी शेअरचा आकडा दिसायचा आणि उठल्या उठल्या तो बघायचा त्यांचा नेम होता. लेख जागच्या जागी होते, आकडे मात्र गेले. तो आकडा लेखाचा कधी नव्हताच, तो वेबपत्त्याचा होता. पत्त्यात 'एस' हे एक अक्षर वाढलं आणि फेसबुकच्या लेखी तो लेख कालच जन्माला आला. चूक माझीच, आधी सांगायला हवं होतं. जुना आकडा परत आणायच्या युक्त्या आहेत, पण मी त्या केल्या नाहीत. बटणं आणि मोजमाप दोन्ही नव्याने मांडलं. तुमची साइट असेल तर तुम्हालाही हे एका सुट्टीच्या दिवसात जमेल.

बटणांना हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवा: वाचकाने नेमकं काय केलं तर तुमचं लिखाण पोचलं म्हणायचं? मामांना विचारलं तर म्हणाले, "लोकांनी मान वर करून आकाश बघावं." ते मोजता येत नाही. पण ते दर महिन्याला आकाशाचा एक नकाशा पीडीएफमध्ये देतात. तो उतरवून घेणारा माणूस बहुधा गच्चीत जाणार. म्हणून नकाशाचे डाउनलोड हे आमचं माप ठरलं. तुमचं माप वेगळं असेल: पत्र, नावनोंदणी, पुस्तकाची मागणी. एकच ठेवा, फार तर दोन.

आता बटणं. मामांच्या लेखाखाली नऊ होती, त्यातलं गूगल प्लसचं तर ती सेवा एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाल्यावरही तसंच लटकत होतं. मी तीन ठेवली: व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि 'लिंक कॉपी करा'. कोणती ठेवायची हे तुमचे वाचक कुठे वावरतात त्यावर ठरवा, पण लिंक कॉपीचं बटण काढू नका. ज्यांना आपण कुठे काय पाठवतो ते कुणाला कळू द्यायचं नसतं, त्यांची ती वाट आहे.

बटणांचे तयार डबे मिळतात, कोडच्या दोन ओळी चिकटवल्या की झालं. मी ते वापरत नाही. असा डबा पान उघडताक्षणी त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, वाचकाने बटण दाबलेलं असो वा नसो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये 'फॅशन आयडी' खटल्यात सांगितलं की लाइकचं बटण साइटवर बसवणाराही त्यातून माहिती गोळा होण्याला आणि पुढे जाण्याला संयुक्तपणे जबाबदार ठरतो. शिवाय डबा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. अ‍ॅडधिस नावाचं असंच एक साधन असंख्य साइटींवर होतं, ३१ मे २०२३ ला बंद झालं. ट्विटरने तर नोव्हेंबर २०१५ मध्ये बटणाशेजारचा आकडाच काढून टाकला होता. त्यापेक्षा साधी लिंक बरी. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक दोघांचाही शेअर करण्याचा ठरावीक पत्ता असतो, त्याच्या शेपटीला आपल्या लेखाचा पत्ता जोडायचा. एकही परकी स्क्रिप्ट लागत नाही.

मोबाइलसाठी आणखी सोपी सोय ब्राउझरमध्येच आहे, वेब शेअर एपीआय. एकच बटण दाबलं की फोनचा स्वतःचा शेअरचा पडदा वर येतो. साइट एचटीटीपीएसवर हवी आणि वाचकाने स्वतः बटण दाबायला हवं, एवढ्याच अटी. वाचकाने कुठलं अ‍ॅप निवडलं ते तुम्हाला मुद्दाम कळू दिलं जात नाही. ते बरंच आहे.

यापुढचं काम लोक टाळतात आणि माझ्या मते निम्मं यश तिथेच असतं. लिंक पाठवल्यावर जी चौकट दिसते, फोटो, शीर्षक, दोन ओळी, ती तुम्ही ठरवायची असते. त्यासाठी पानाच्या डोक्यात, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या कोडच्या भागात, ओपन ग्राफचे टॅग लागतात. फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा घ्या, वजनाने हलका ठेवा, त्याचा पत्ता पूर्ण, एचटीटीपीएसपासून, द्या. मामांच्या 'गुरूचे चार चंद्र' या लेखाच्या चौकटीत कित्येक दिवस साइटचा लोगो येत होता, कारण टॅगमध्ये फोटोचा अर्धाच पत्ता होता. टॅग दुरुस्त केला तरी लोगो हलेना. फेसबुक जुनी चौकट साठवून ठेवतं. त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावलं तेव्हा कुठे गुरू दिसला.

पत्ता मराठीत ठेवायचा मोहही आवरा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक वेळा त्याचा टक्केचिन्हांचा लगदा होतो. एकेका अक्षराचे आणि एकेका मात्रेचे नऊ वर्ण होतात. 'गुरू' या दोन अक्षरांच्या शब्दाचे छत्तीस! अशी लिंक गटात पडली की लोकांना ती फसवणुकीची वाटते. शीर्षक खुशाल मराठीत ठेवा, पत्ता रोमनमध्ये आणि आखूड.

मग मोजणी. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेला वाचक अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, बहुधा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, जणू त्याने पत्ता हाताने टाइप केला. या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला २०१२ पासून 'डार्क सोशल' म्हणतात. तिचा काही भाग उजेडात आणायला लिंकेला यूटीएमचं शेपूट लावा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा: सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या मार्गाने), कॅम्पेन (कोणत्या मोहिमेतून). व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणातल्या लिंकेत सोर्सच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकच्या बटणात फेसबुक. लिंक पुढे पुढे गेली तरी शेपूट सहसा टिकतं. नाव कायम एकाच पद्धतीने लिहा. कॅपिटल डब्ल्यू आणि स्मॉल डब्ल्यू या दोन वेगळ्या ओळी मोजल्या जातात, मी महिनाभर दोन व्हॉट्सअ‍ॅप सांभाळत होते. आणि स्वतःच्याच साइटच्या आतल्या लिंकांना शेपूट लावू नका, वाचक मुळात कुठून आला ते पुसट होतं.

हे शेपूट खोटंही बोलतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्याने वरचा पत्ता उचलून फेसबुकवर टाकला तर तिथून येणारेही व्हॉट्सअ‍ॅपच्या नावावर जमा होतात. तसंच बटण दाबणं म्हणजे पाठवणं नव्हे. खिडकी उघडून माणूस परत फिरतो, तुमच्याकडे मात्र क्लिक पडलेला असतो. म्हणून मी क्लिक बघते, पण हिशेब डाउनलोडचा धरते. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये 'एन्हान्स्ड मेजरमेंट' ही सेटिंग चालू असली की पीडीएफ डाउनलोडची नोंद आपोआप होते.

सगळ्यांचं मिळून एकच गुणपत्रक देणाऱ्या साधनांपासून मी लांब राहते. क्लाउट नावाची सेवा होती, माणसाच्या ऑनलाइन वजनाला १ ते १०० गुण द्यायची. एके काळी जस्टिन बीबरला पैकीच्या पैकी होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा त्याच्या खाली. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी आपलं गणित बदललं आणि अनेकांचे गुण एका रात्रीत घसरले, कुणी काही न करता. मामांच्या शून्याचीच गत. ती सेवा २५ मे २०१८ ला बंद झाली.

आता मामांकडे एक वही आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तीन रकाने भरायचे: लेख, शेपटीवरून आलेले वाचक, नकाशाचे डाउनलोड. धूमकेतूच्या फोटोंचा लेख सगळ्यांत जास्त वाचला गेला, नकाशा मात्र त्यातल्या जेमतेम कुणी घेतला. 'गुरूचे चार चंद्र'ला वाचक थोडे, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी नकाशा उतरवला. म्हणून पुढच्या महिन्यात शनीवर लेख आहे आणि नकाशाची लिंक शेवटून उचलून दुसऱ्या परिच्छेदाखाली आणली आहे. मामांनी चौथा रकाना स्वतःहून आखलाय, 'कुणी पाहिलं'. त्यात पत्रातून कळलेलं लिहितात. परवाची नोंद: एका बाईंनी साध्या द्विनेत्रीतून तीन चंद्र मोजले, चौथा सापडला नाही. मामांनी उलट कळवलं, त्या वेळी तो गुरूच्या मागे होता.