मशीनवर चेनसॉची धार लावताना दात जळू नये म्हणून

चेन नीट कापेनाशी झाली की आधी भुसा बघा. धारेची चेन लाकडाचा जाडसर कीस टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते आणि सॉ दाबल्याशिवाय लाकडात शिरत नाही. मग दात उजेडात धरा. कडेवर पांढरी रेघ चमकली तर तिथली धार गेलेली आहे. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही.

रोजच्या धारेला गोल कानस पुरते. मशीन, म्हणजे फिरत्या सहाणेच्या दगडाचा ग्राइंडर, काढायचं ते दात जमिनीतल्या दगडावर, खिळ्यावर किंवा तारेवर बसले असतील तर, नाहीतर कानशीने घासून घासून डावे-उजवे दात लहान-मोठे झाले असतील तर. कोकणात नारळाची झाडं कापणाऱ्यांना मशीन जास्त लागतं. नारळाच्या खोडात सिलिका असते, शिवाय रेतीही भरलेली असते. २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगडात आडव्या पडलेल्या बागा ज्यांनी कापल्या त्यांना हे सांगायला नको.

चेन रॉकेलमध्ये ब्रशने घासून धुवा आणि पुसून पूर्ण कोरडी करा. डिंक आणि तेल मशीनच्या दगडाच्या रंध्रांत बसलं की दगड कापत नाही, नुसता घासतो आणि दात तापवतो. धुतल्यावर तुटके दात, दात जोडणाऱ्या पट्ट्यांना गेलेले तडे आणि सैल रिबिटी बघून घ्या. तडा दिसला तर धार लावण्यात वेळ घालवू नका, ती चेन भंगारात टाका.

पुढचा प्रश्न पिचचा, म्हणजे चेनच्या कड्यांच्या मापाचा. दगड किती जाडीचा घ्यायचा ते त्यावर ठरतं. लागोपाठच्या तीन रिबिटींमधलं अंतर मोजून निम्मं करा. तीन रिबिटींत १९ मिमी आले तर पिच ३/८ इंच, १६.५ आले तर ०.३२५ इंच. घरगुती लहान सॉवर बहुधा ३/८ लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची, चेन असते. लो प्रोफाइल आणि ०.३२५ला ३.२ मिमी जाडीचा दगड लागतो, पूर्ण ३/८ आणि ०.४०४ला ४.७ मिमीचा. कार्बाइड दातांवर साधा दगड चालत नाही, त्यांना डायमंड व्हील लागतं.

नवा दगड बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. ठण असा आवाज आला तर चांगला, बद्द आला तर आत तडा आहे, फेकून द्या. दगडावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नका आणि नट करकचून आवळू नका. चष्मा लावा, गार्ड जागेवर ठेवा, मशीन चालू करून मिनिटभर बाजूला उभे राहा. दगड फुटायचा असेल तर बहुधा तेव्हाच फुटतो.

मग ड्रेसिंग. दगडाची कड सोबतच्या साच्याप्रमाणे गोल करा. चौकोनी कडेचा दगड दाताच्या पोटात, म्हणजे धारेखालच्या गोल खाचेत, नीट बसत नाही. काम करता करता दगड गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागला की पुन्हा ड्रेसिंग विटेने खरवडा. हे टाळणाऱ्यांचेच दात जास्त जळतात.

आता कोन. वरच्या पात्याचा कोन बहुतेक चेनना ३० अंश, काहींना २५. मशीनच्या डोक्याचा (दगड असलेल्या भागाचा) कल साधारण ५५ ते ६० अंश. चेनच्या खोक्यावर आकडे दिलेले असतात, तेच धरा. सॉने फळ्या चिरायच्या असतील तर वरचा कोन १० अंश ठेवतात.

व्हर्निअरने सगळे दात मोजून सर्वांत आखूड दात शोधा, कारण बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणायचे आहेत. मार्करने खूण करा, म्हणजे कुठून सुरुवात केली ते कळेल. तो दात वाइसमध्ये (चेन पकडणाऱ्या चिमट्यात) धरून मागचा स्टॉपर त्याच्या पाठीला टेकवा. मशीन बंद ठेवून डोकं खाली आणा. दगडाने दाताच्या पोटात बसावं, पण खालच्या पट्टीला लागू नये. खोलीचा स्क्रू तिथेच लॉक करा. पट्टीवर दगडाची खाच पडली की चेन पुढे नेमकी तिथेच तुटते.

प्रत्यक्ष धार म्हणजे टेकवा-उचला, टेकवा-उचला. एकेक स्पर्श अर्धा ते एक सेकंद, एका दाताला तीन-चार स्पर्श. दाबून धरलं की कडेवर आधी पिवळसर, मग निळी छटा येते. निळी छटा म्हणजे पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं आणि दाताचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. असा दात दोन ओंडक्यांत बोथट होतो. काही वेळा उलट होतं: कड तापून झटकन थंड झाल्यामुळे काचेसारखी कडक होते आणि नंतर कानस तिच्यावरून घसरते. पाणी ओतून काही होत नाही. निळा भाग हळूहळू पूर्ण काढून टाकायचा, म्हणजे तेवढा दात गेला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांजवळ धरून बघा. दाताच्या वरच्या पाठीवर क्रोमचा पातळ थर असतो आणि धार त्याच थरावर उभी असते. पुढच्या कोपऱ्याजवळ क्रोम सोललेला दिसत असेल तर चांगला क्रोम लागेपर्यंत मागे घासा, नाहीतर कड टिकत नाही.

एका बाजूचे सगळे दात झाले की वाइस दुसऱ्या बाजूच्या कोनाला फिरवा. इथे खूप जण चुकतात. वाइसची खीळ नेमकी मध्यावर नसली तर दुसऱ्या बाजूचे दात आपोआप लांब किंवा आखूड येतात. म्हणून पहिला दात घासून व्हर्निअरने मोजा, स्टॉपर पुढे-मागे करा आणि मगच बाकीचे घ्या. दोन्ही बाजूंत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

दातापुढचा उंचवटा म्हणजे रेकर. रंध्याचं पातं जेवढं बाहेर काढाल तेवढा जाड कीस निघतो, तसं इथे दाताची धार रेकरपेक्षा जेवढी वर तेवढा कीस जाड. हा फरक साधारण ०.६५ मिमी हवा. दात मागे जातो तशी धार खाली येते, म्हणून दर तीन-चार धारांनंतर रेकर गेज लावून सपाट कानशीने उतरवा आणि त्याची पुढची कड गोल करा. जास्त उतरवला तर चेन लाकडात जास्त खोल खाते, सॉ झटके देतो आणि किकबॅकचा, म्हणजे सॉ उसळून अंगावर येण्याचा, धोका वाढतो. रेकर मशीनवरही उतरतो, पण दोन कानशी मारण्याचं काम असेल तर कानसच सोयीची. दातावरच्या तिरक्या खुणेपर्यंत घासत आलात की नवी चेन आणा.

शेवटी चेन ब्रशने झटकून तेलात बुडवून ठेवा, नाहीतर दगडाची भुकटी रिबिटींत आणि बारच्या (चेन ज्यावर फिरते त्या लांब पात्याच्या) खाचेत बसते. चढवून ताण बघा आणि लाकडात एक कट घ्या. कट एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दात लांब किंवा जास्त धारेचे राहिलेत, पुन्हा मोजा. मापं सारखी असूनही वळतच असेल तर दात घासत बसू नका, बारच्या कडा बघा. एक कड दुसरीपेक्षा खाली झिजलेली असते.