पुंगळी टाकण्याआधी एकदा बघा

चाप ओढला, ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि काडतूस उडालंच नाही. नवख्याचा हात अशा वेळी आपसूक बोल्टकडे (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याकडे) जातो. तो आवरायचा. नळी टार्गेटकडेच, बोट चापाबाहेर आणि मोजून तीस सेकंद थांबायचं. दारू कधीकधी उशिरा पेट घेते. तेवढ्यात बोल्ट उघडलेला असेल तर पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) नेमबाजाच्या तोंडाशीच फुटते. तीस सेकंद झाले की हात वर करून रेंज ऑफिसरला सांगायचं, मगच काडतूस बाहेर काढायचं. आणि ते फेकायचं नाही. दोष कुठे आहे याचा पुरावा त्याच्यावरच असतो.

वरळीच्या रेंजवर ५० मीटरला जी टू-टू (.२२ बोअरची रायफल) चालते, तिच्या काडतुसात वेगळा प्रायमर (ठोका बसताच दारू पेटवणारी छोटी टोपी) नसतो. मागच्या पोकळ कडेत स्फोटक मसाला भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. म्हणून भिंग घ्या, न उडालेलं काडतूस घ्या आणि त्याच रायफलमधून उडालेल्या पाच पुंगळ्या शेजारी मांडा. पिनेचा ठसा सगळ्यांवर सारखाच खोल असेल तर संशय काडतुसावर; लॉट नंबर (काडतुसं कोणत्या खेपेतली, तो क्रमांक) लिहून ठेवा. ठसा उथळ असेल तर रायफलकडे वळा.

काडतूस अर्धा वळसा फिरवून पुन्हा भरायचं आणि उडतंय का बघायचं, ही जुनी चाचणी आहे. कोच शेजारी असतानाच करा. दुसऱ्यांदा उडालं की सगळे म्हणतात, कडेत त्या जागी मसालाच नव्हता. असेलही. पण नेमबाज इथेच फसतात. मॅच रायफलचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) घट्ट असतं. गोळीवरचं मेण आणि शिसं त्याच्या पुढच्या तोंडाशी साचत जातं आणि काडतूस केसभर मागे राहतं. मग पिनेचा पहिला ठोका ते पुढे ढकलण्यातच खर्च होतो. दुसऱ्या ठोक्याला ते नीट बसलेलं असतं, म्हणून उडतं. बोल्ट मिटताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय का, हे बोटांना आधी कळतं. लॉट बदलण्याआधी चेंबर पुसून बघा.

दुसरा गुन्हेगार तेल. पावसाळ्यात, त्यात समुद्राकाठची खारट हवा, गंजाच्या धास्तीने लोक बोल्टच्या आतही तेल ओततात. ते धुळीत मिसळून चिकट होतं, पिन मंदावते आणि ठसे उथळ पडू लागतात. बाहेर हलका हात फिरवा, पिनेची वाट मात्र जवळपास कोरडीच ठेवा. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त धक्का येतो. एसीतून आणलेली काडतुसांची पेटी दमट हवेत लगेच उघडू नका; अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर पितळेवर दव धरतं.

फुसका बार (काडतूस उडतं, पण जोर अपुरा पडतो) याहून घातक. आवाज दबलेला, धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही. हात वर करा आणि पुढचं काडतूस भरू नका. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते तपासा. गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फुगते, प्रसंगी फाटते. अडकलेली गोळी काढणं आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं) काम.

टू-टूमध्ये दाब तुलनेने कमी. अमेरिकी मानकाची कमाल मर्यादा २४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. तरीही कड फुटलेली किंवा मागचा भाग फुगलेला दिसला, गालावर गरम वायूचा फटका बसला, तर त्या दिवशी नेमबाजी बंद. चष्मा म्हणूनच लागतो.

मोठ्या बोअरकडे (रुंद नळीच्या, जास्त ताकदीच्या रायफलींकडे) जाणाऱ्यांना किंवा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बॅलिस्टिक्स करू इच्छिणाऱ्यांना बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेली पुंगळी वाचता यायला हवी, म्हणजे तिच्यावरच्या खुणांवरून दोष ओळखता यायला हवा. परदेशात लोक घरी काडतुसं भरतात, त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा तो नाद नको; वाचन तेवढं शिका. .३०८ विंचेस्टर या मोठ्या बोअरच्या काडतुसाची दाबाची मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, त्यामुळे इथे चुकीला क्षमा नाही.

चपटा झालेला प्रायमर बघून लगेच ‘दाब जास्त’ म्हणू नका. मऊ धातूचा प्रायमर साध्या दाबालाही चपटा होतो. ठशाभोवती उठलेली कडही कधी पिनेचं भोक सैल असल्याने येते. बोल्ट उचलायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, प्रायमरला आरपार भोक, प्रायमरची खोबण ढिली होणं, यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली तर मात्र थांबा.

बाहेर सरकलेला प्रायमर उलटं सांगतो. बार झाला की प्रायमर आधी मागे सरकून बोल्टला टेकतो. दाब पुरेसा असेल तर पुंगळीचं बूडही मागे येतं आणि तो पुन्हा खोबणीत बसतो. दाब कमी पडला तर पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहते आणि प्रायमर बाहेरच राहतो. त्यासोबत पुंगळीच्या मानेवर (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडावर) काजळी असेल तर कमी दाबाचा संशय पक्का. बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं, तर तिथे पितळ ताणून पातळ झालंय. पुंगळी तिथूनच तुटते.

न उडालेली काडतुसं वेगळ्या डबीत ठेवून, रजिस्टरमध्ये नोंद करून शस्त्रागारात परत करा. कायद्याच्या नजरेत ती जिवंतच असतात. खिशात टाकलेलं एखादं काडतूस बॅगेच्या कोपऱ्यात राहतं आणि पुढच्या स्पर्धेला निघताना विमानतळाच्या स्कॅनरवर दिसतं. पॅकिंग करताना बॅग उलटी करून झटका.